एलएनबीच्या खोक्यावरचे ०.१ डेसिबल : घरच्या घरी पडताळणी शक्य आहे का?

गच्चीवाला
पुण्यात आमच्या इमारतीच्या गच्चीवर डीडी फ्री डिशची ६० सेंटिमीटरची छत्री गेली आठ वर्षे उभी आहे. गेल्या पावसाळ्यात सरीचा जोर वाढला की चित्राचे चौकोन होऊ लागले आणि आवाज तुटू लागला, म्हणून दुकानदाराच्या सल्ल्याने मी नवा एलएनबी (छत्रीसमोरचा, सिग्नल वाढवून केबलमध्ये पाठवणारा डबा) आणला. जुन्यावर नॉइज फिगर, म्हणजे एलएनबी स्वतः किती नॉइज (विद्युत खरखर) मिसळतो त्याचे माप, ०.६ डेसिबल छापलेला आहे आणि नव्यावर ०.१ डेसिबल. नवा बसवल्यावर सेट टॉप बॉक्सच्या पडद्यावर स्ट्रेंथ ७१ वरून ८४ झाली, परंतु क्वालिटी ७८ होती ती ७८ च राहिली. स्ट्रेंथ वाढली म्हणजे एलएनबी उत्तम आहे, असे दुकानदाराचे म्हणणे. माझे मन ते मान्य करत नाही.

माझ्याकडे मल्टिमीटर आहे, सिग्नलचा जोर दाखवणारी सुई असलेला एक स्वस्त सॅटफाइंडर आहे आणि भाच्याने दिलेले आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला जोडायचा छोटा रेडिओ) आहे. एवढ्या साहित्यावर या दोन एलएनबींपैकी कोणता खरोखर चांगला हे ठरवता येईल का? सभासदांनी स्वतः केलेल्या चाचण्यांविषयी लिहिल्यास आभारी राहीन.

ओममापक
नॉइजकडे वळण्यापूर्वी विजेच्या चार गोष्टी तपासाव्यात, कारण 'एलएनबी गेला' म्हणून माझ्याकडे आलेल्या तक्रारींपैकी बहुतेकांत एलएनबी शाबूत निघतो आणि दोष केबलमध्ये किंवा तिच्या टोकाच्या एफ कनेक्टरमध्ये सापडतो.

बॉक्स केबलमधूनच एलएनबीला वीज पुरवतो. उभ्या ध्रुवणासाठी (ध्रुवण म्हणजे लहरींच्या कंपनाची दिशा) सुमारे १३ व्होल्ट, आडव्यासाठी सुमारे १८ व्होल्ट, आणि कंप्रतांचा वरचा पट्टा हवा असेल तर त्या विजेवर २२ किलोहर्ट्झचा टोन. केवळ उभ्या किंवा केवळ आडव्या ध्रुवणाचे चॅनेल गायब असतील, तर संशय व्होल्टेजवर घ्यावा. केवळ वरच्या पट्ट्यातले गायब असतील, तर टोनवर. व्होल्टेज मात्र बॉक्सपाशी मोजून समाधान मानू नये. एलएनबी जोडलेला आणि चालू असताना गच्चीच्या टोकाला किती व्होल्ट पोहोचतात, हे पाहावे. हल्लीच्या बहुतेक आरजी-६ केबलींची मधली तार तांब्याचा मुलामा दिलेली लोखंडाची असते, आणि एखाद्या सांध्यावर गंज चढलेला असेल तर रिकाम्या तारेवर १८ दाखवणारा मीटर भार पडताच खाली येतो.

प्रवाहही मोजावा. साधारण एकतोंडी एलएनबी २०० मिलिअँपिअरच्या आत चालतो. शून्य आले तर तार तुटलेली आहे, आणि फारच जास्त आले तर आत पाणी किंवा शॉर्ट आहे. प्रवाह योग्य आला म्हणून एलएनबी चांगला ठरत नाही, एवढे मात्र लक्षात ठेवावे. तो जिवंत आहे इतकेच ठरते.

जुना_केबलवाला
गच्चीवाला, तुमच्या दुकानदाराने सांगितलेली गोष्ट आम्हीही एके काळी खरी मानत होतो. १९९२ साली आमच्या गावात एशियासॅट-१ वरचे स्टारचे चॅनेल घेण्यासाठी आम्ही जाळीची मोठी छत्री उभारली होती. तेव्हा सी बँडच्या एलएनबीवर डेसिबल नसत, केल्व्हिन असत, आणि आकडा जितका कमी तितकी किंमत जास्त. एकदा महागडा एलएनबी आणला. सुई टोकाला गेली, आम्ही पेढे वाटले, आणि संध्याकाळी पडद्यावर मुंग्या जशा होत्या तशाच होत्या. त्या एलएनबीचा गेन (सिग्नल वाढवण्याचे प्रमाण) जास्त होता, बाकी काही नाही. त्याने सिग्नल वाढवला आणि त्याच मापाने नॉइजही वाढवला.

तेव्हापासून माझा नियम असा आहे, की सुई ही छत्री रोखण्यासाठी वापरावी आणि एलएनबींची तुलना क्वालिटीवर करावी.

तारांगण
वरील प्रतिसादाशी पूर्णतः सहमत आहे. थोडा हिशेब जोडतो.

नॉइज फिगरचे रूपांतर तापमानात केले की गोष्टी स्पष्ट होतात. ०.१ डेसिबल म्हणजे सुमारे ७ केल्व्हिन, ०.३ म्हणजे २१, ०.६ म्हणजे ४३ आणि १ डेसिबल म्हणजे ७५ केल्व्हिन. आता एलएनबीच्या आत काय असते ते पाहा. १२ गिगाहर्ट्झला चांगल्या हेम्ट (कमी नॉइजच्या) ट्रान्झिस्टरचा स्वतःचा नॉइज फिगर खोलीच्या तापमानाला ०.३ डेसिबलच्या आसपास असतो. त्याच्या अलीकडे हॉर्न (एलएनबीचे लहरी घेणारे तोंड), प्लास्टिकचे झाकण आणि तरंगनलिकेतून (लहरी नेणाऱ्या धातूच्या नळीतून) सर्किटच्या पट्टीवर उतरण्याचा सांधा आहे, आणि तिथे वाया जाणारे प्रत्येक ०.१ डेसिबल आणखी सुमारे ७ केल्व्हिन घालते. म्हणजे खोक्यावरचा आकडा खरा मानायचा तर संपूर्ण यंत्र त्यातल्या सर्वोत्तम सुट्या भागाहूनही शांत आहे असे मानावे लागेल.

पुढची साखळी, म्हणजे केबल आणि बॉक्सचा ट्यूनर, नॉइजमध्ये जवळजवळ काहीच भर घालत नाही, कारण एलएनबीचा गेन ५० ते ६० डेसिबल असतो आणि त्यापुढे केबलमधली पाच-सहा डेसिबलची घट नगण्य ठरते. त्यामुळे खरा प्रश्न पहिल्या ट्रान्झिस्टरचा आणि त्याच्या अलीकडच्या भागाचाच आहे.

सरळमार्गी
हिशेब वाचला, परंतु ०.१ हे ०.६ पेक्षा कमी आहे आणि कमी नॉइज केव्हाही चांगला, यात वाद कसला? छापील आकडा थोडा फुगवलेला असेल असे गृहीत धरले तरी कंपनीने काहीतरी सुधारले असणारच. शिवाय गच्चीवाला यांची तक्रार पावसातली आहे, आणि सिग्नल दुबळा झाला की कमी नॉइजच्या एलएनबीचा उपयोग अधिक होणार, हे उघड आहे.

तारांगण
सरळमार्गी, आपले शेवटचे वाक्य ऐकायला पटते, पण हिशेब नेमका उलट सांगतो.

निरभ्र आकाश असताना छत्रीला आकाशाकडून आणि थोड्या जमिनीकडून मिळून साधारण ४० केल्व्हिन नॉइज येतो असे धरा. ०.३ डेसिबलचा एलएनबी लावला तर एकूण ६१, आणि ०.७ चा लावला तर ९१. फरक पावणेदोन डेसिबल. आता मुसळधार पाऊस सुरू झाला. पाऊस लहरी शोषतो, आणि जे शोषते ते स्वतःच्या तापमानाने नॉइज उत्सर्जितही करते, त्यामुळे तेच ४० केल्व्हिन २०० पर्यंत जाऊ शकतात. मग बेरजा २२१ आणि २५१ होतात, आणि दोन एलएनबींतला फरक अर्ध्या डेसिबलवर येतो. गरज सर्वाधिक असते त्याच वेळी एलएनबीचा चांगुलपणा पावसाच्या नॉइजखाली बुडून जातो. याउलट छत्री ६० ऐवजी ९० सेंटिमीटरची केली तर साडेतीन डेसिबल मिळतात, आणि ते पावसातही जवळजवळ तेवढेच राहतात.

सरळमार्गी
अर्धा डेसिबल तर अर्धा डेसिबल. सरीच्या सुरुवातीला आणि शेवटी दोन-दोन मिनिटे तरी अधिक चालेल. बातम्यांचे मथळे तेवढ्यात होतात.

दापोलीकर
आमच्याकडे पाऊस हाच चाचणीचा अधिकारी आहे, पण त्याची वाट न पाहता करता येईल अशी एक रीत सांगतो.

कोरड्या दिवशी दोन्ही एलएनबी सारखेच चांगले दिसतात, कारण अंकीय प्रक्षेपणात एका मर्यादेच्या वर चित्र पूर्ण येते आणि अनेक बॉक्सांचा क्वालिटीचा आकडाही वरच्या बाजूला चिकटून बसतो. म्हणून सिग्नल मुद्दाम दुबळा करावा लागतो. मी गोणपाटाच्या वीतभर रुंदीच्या पट्ट्या कापून ठेवल्या आहेत. त्या पाण्यात भिजवून, निथळून, छत्रीवर एकेक करून आडव्या टाकायच्या आणि कितव्या पट्टीला चित्र फुटते ते लिहून ठेवायचे. एलएनबी बदलायचा आणि त्याच पट्ट्या, त्याच जागी, त्याच क्रमाने पुन्हा टाकायच्या. जागा बदलू नये, कारण छत्रीच्या मधल्या भागाचा वाटा कडेच्या भागापेक्षा मोठा असतो. त्यानंतर पहिला एलएनबी परत लावून तिसऱ्यांदा मोजायचे. पहिले आणि तिसरे मोजमाप जुळले नाही तर मधल्याला अर्थ नाही.

एलएनबीचे झाकणही नीट पाहावे. उन्हाने त्याला केसासारख्या भेगा पडतात, रात्रीचे दव आत जाते, आणि मग सकाळी चॅनेल नाहीत व दुपारी सगळे सुरळीत, असा खेळ चालतो. माझ्या एका एलएनबीच्या हॉर्नमध्ये कुंभारमाशीने मातीचे घर बांधले होते. त्या दिवशी नॉइज फिगर किती असावा, हे तिलाच ठाऊक.

ओममापक
पहिले मोजमाप पुन्हा करण्याची सूचना अत्यंत महत्त्वाची आहे. बहुतेक लोक एलएनबी बदलताना छत्रीला नकळत धक्का देतात आणि त्या धक्क्याचे श्रेय किंवा खापर एलएनबीला देतात.

तारांगण
गोणपाटाची रीत मला आवडली; एक शंका नोंदवतो. ओले कापड लहरी शोषते तसे काही प्रमाणात परतही फेकते, त्यामुळे ते पावसाची हुबेहूब नक्कल नाही. तुलनेसाठी मात्र पुरेसे आहे.

मावशीबाई
आमच्या सोसायटीत कोणी छत्रीला ओले गोणपाट नेसवले, तर सेक्रेटरी आधी पाण्याचा हिशेब मागतील आणि मग विचारतील की हे कोणते व्रत.

संत्रानगरी
नागपूरच्या उन्हाळ्याचा अनुभव सांगतो. मे महिन्यात दुपारी काही मोजके चॅनेल जात आणि रात्री परत येत. पावसाचा थेंब नाही, केबल नवी. शेवटी कळले की दोष नॉइजचा नव्हता, एलएनबीच्या आतल्या लोकल ऑसिलेटरची कंप्रता सरकत होती.

एलएनबी उपग्रहाकडून आलेल्या कंप्रतेतून स्वतःची एक कंप्रता वजा करतो. युनिव्हर्सल एलएनबीमध्ये ती खालच्या पट्ट्यासाठी ९,७५० मेगाहर्ट्झ आणि वरच्यासाठी १०,६०० मेगाहर्ट्झ असते. ११,५०० वरचा सिग्नल केबलमधून १,७५० वर उतरतो, तो असा. जुन्या धाटणीच्या एलएनबीत ही कंप्रता चिनीमातीच्या छोट्या चकतीवर ठरते आणि तापमानानुसार एक-दोन मेगाहर्ट्झ इकडेतिकडे होते. पीएलएल जातीच्या एलएनबीत ती स्फटिकाला बांधलेली असते. उपग्रहावरच्या रुंद ट्रान्सपाँडरला (प्रक्षेपण करणाऱ्या वाहिनीला) दोन मेगाहर्ट्झचे काही वाटत नाही, अरुंद कॅरिअर (थोड्या जागेतला सिग्नल) मात्र हातचा निसटतो. आपल्या डोंगलच्या कंप्रतेच्या आलेखावर सिग्नलचे टेकाड पाहून, एलएनबीवर केस वाळवण्याचे यंत्र धरले की टेकाड किती सरकते ते सहज दिसेल.

दुसरे असे, की एलएनबी स्वतःच्या अक्षाभोवती किती फिरवला आहे? फ्री डिशचा जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्वेला आहे, म्हणजे आपल्या सर्वांच्या आग्नेयेला. उपग्रहाचे ध्रुवण विषुववृत्ताशी जुळलेले धरले, तर एलएनबीचा तिरकेपणा नागपूरला सुमारे ३३ अंश, पुण्याला ४५ आणि पणजीला ५० येतो. बसवणारी मंडळी अनेकदा सगळीकडे एकाच मापाने बसवतात. तीस अंशांची चूक झाली तर सव्वा डेसिबल जातो, आणि त्याच कंप्रतेवर आडव्या ध्रुवणाचे प्रक्षेपण असेल तर तेही आत मिसळते, हे वेगळेच.

शांतपट्टा
गच्चीवाला यांच्या मूळ प्रश्नातल्या डोंगलकडे अद्याप कोणी पाहिले नाही. मी नोकरीच्या काळात मोजमापाच्या प्रयोगशाळेत होतो, म्हणून ही रीत थोडी विस्ताराने लिहितो.

एलएनबी छत्रीवरून काढावा. वीज वेगळ्या पुरवठ्यातून इंजेक्टरने (केबलमध्ये वीज घालणाऱ्या जोडाने) द्यावी, आणि डोंगलच्या वाटेवर डीसी अडवणारा जोड अवश्य लावावा, नाहीतर १८ व्होल्ट थेट डोंगलमध्ये शिरतील आणि भाचा नाराज होईल. डोंगलचा आपोआप गेन बंद करून एक ठरावीक गेन ठेवावा. साधे डोंगल १,७६६ मेगाहर्ट्झपर्यंतच ऐकते, त्यामुळे ९५० ते १,७५० मधली अशी जागा निवडावी जिथे कोणताही कॅरिअर नाही. आता हॉर्नचे तोंड सरळ माथ्यावरच्या निरभ्र आकाशाकडे करून शक्ती मोजावी, आणि मग कोरड्या मातीकडे किंवा विटांच्या भिंतीकडे करून मोजावी. तळहात समोर धरण्याची पद्धत प्रचलित आहे, पण ओलसर त्वचा बऱ्याच लहरी परत फेकते. ती चांगला 'उष्ण' भार नव्हे.

एलएनबीचा स्वतःचा नॉइज जितका कमी, तितका थंड आकाश आणि उष्ण भिंत यांतला फरक मोठा दिसतो. भिंत सुमारे ३०० केल्व्हिन आणि उघड्या हॉर्नला दिसणारे आकाश २० केल्व्हिन धरले, तर ४३ केल्व्हिनच्या एलएनबीला दोहोंत साधारण ७.४ डेसिबलचा फरक दिसेल आणि ७ केल्व्हिनच्या एलएनबीला साडेदहाचा. खरा धोका असा, की मोजमापात अर्ध्या डेसिबलची चूक झाली तरी ०.३ चा एलएनबी कधी ०.२ चा तर कधी जवळजवळ ०.४ चा वाटू लागतो. म्हणून जवळजवळ सारख्या दोन एलएनबींची क्रमवारी या रीतीने लावू नये.

जाता जाता सांगतो, की नॉइजचा बाऊ सर्वत्र सारखा नसतो. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीमध्ये ४५ मीटर व्यासाच्या ३० छत्र्या आहेत. तिथे १५० मेगाहर्ट्झच्या आसपास आकाशच शेकडो केल्व्हिनचा नॉइज देते, तेव्हा त्या पट्ट्यात ॲम्प्लिफायरचे दहा-वीस केल्व्हिन वाचवून फारसे काही हाती लागत नाही. आपल्या ११ गिगाहर्ट्झला आकाश थंड आहे, म्हणून आपण या वादात पडतो.

गच्चीवाला
सर्वांचे मनापासून आभार. दोन रविवार खर्ची घालून ज्या चाचण्या केल्या त्यांचा वृत्तांत देतो.

प्रवाह जुन्याचा ११० आणि नव्याचा ९५ मिलिअँपिअर आला. गच्चीच्या टोकाला चालू अवस्थेत १७.१ आणि १२.४ व्होल्ट मिळाले. एलएनबीकडच्या एफ कनेक्टरमध्ये हिरवट गंज होता, तो कापून नवा लावला.

गोणपाटाच्या पट्ट्यांत जुना एलएनबी चौथ्या पट्टीला फुटला, नवाही चौथ्याला, आणि पुन्हा लावलेला जुना चौथ्यालाच. शेजारच्या आजोबांनी छत्रीला ताप आला आहे का, असे विचारले.

डोंगलवर आकाश आणि भिंत यांतला फरक जुन्याचा ७.२ डेसिबल, नव्याचा ७.६. प्रत्येकी तीनदा मोजले आणि आकडे अर्ध्या डेसिबलच्या आत हलत होते. शांतपट्टा यांच्यासारखा हिशेब केल्यावर जुना सुमारे ०.६४ आणि नवा ०.५५ डेसिबल येतो.

त्यानंतर संत्रानगरी यांच्या सांगण्यावरून एलएनबी फिरवला. तो जेमतेम पंधरा अंश कललेला होता. हळूहळू फिरवत नेल्यावर चाळीसच्या पुढे क्वालिटी ७८ वरून ८६ झाली, आणि आता चित्र सहाव्या पट्टीला फुटते. कनेक्टर आणि तिरकेपणा या दोन्हींमुळे हा फायदा झाला असे मी मानतो.

ओममापक
दोन बदल एकाच दिवशी करून श्रेय कोणाला देणार? एलएनबी पुन्हा पंधरा अंशांवर न्यावा आणि नव्या कनेक्टरसह मोजावे.

सरळमार्गी
परंतु नवा ०.५५ आणि जुना ०.६४, म्हणजे नवा सरस आहेच की.

शांतपट्टा
सरळमार्गी, अर्धा डेसिबल हलणाऱ्या मोजमापात ०.४ डेसिबलच्या फरकावरून तसे म्हणता येणार नाही. दुसरे असे, की शहरातल्या गच्चीवर आजूबाजूच्या इमारती हॉर्नच्या नजरेत येतात, त्यामुळे 'आकाश' २० ऐवजी ४५ केल्व्हिनही असू शकेल. तसे असेल तर गच्चीवाला यांनी काढलेले दोन्ही आकडे एकदम बरेच खाली येतील, म्हणजे ते आकडे जसेच्या तसे धरू नयेत.

तरीही या मोजणीतून एक गोष्ट निश्चित निघते. आकाश ४५ केल्व्हिनचे धरले तरी ०.६ आणि ०.१ या दोन एलएनबींच्या वाचनांत १.८ डेसिबलचे अंतर पडायला हवे होते. २० केल्व्हिनचे धरले तर ३.२ चे. प्रत्यक्षात ०.४ पडले. तेव्हा दोन्ही खोक्यांवरचे आकडे एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. कोणता खोटा, हे तारांगण यांनी वर ट्रान्झिस्टरच्या हिशेबात सांगितलेच आहे.

जुना_केबलवाला
दुकानदाराला हे दाखवलेत का?

गच्चीवाला
दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि स्ट्रेंथ मात्र वाढली ना, असे विचारले.

ओममापक यांच्या आज्ञेनुसार एलएनबी पंधरा अंशांवर परत नेला. नव्या कनेक्टरसह क्वालिटी ७९ आली आणि चित्र चौथ्या पट्टीलाच फुटले. म्हणजे लाभ जवळजवळ सगळा तिरकेपणाचा होता. आता जुनाच एलएनबी योग्य कोनात बसवून ठेवला आहे, झाकणाच्या कडेला सिलिकॉन लावले आहे, आणि पाणी कनेक्टरकडे न वाहता खाली ठिबकावे म्हणून केबलला एक वळसा दिला आहे. नवा एलएनबी कपाटात आहे.

तारांगण
छत्री अचूक रोखलेली आहे की नाही, हे पाहण्याची एक फुकट संधी ऑक्टोबरच्या सुरुवातीला येईल. पुण्याहून पाहता १ ऑक्टोबरच्या आसपास काही दिवस सकाळी अकराच्या सुमारास सूर्य बरोबर जीसॅट-१५ च्या मागे येतो आणि क्वालिटी काही मिनिटे कोसळते. त्या वेळी एलएनबीची सावली छत्रीवर कुठे पडते ते खुणावून ठेवा आणि क्वालिटी सर्वांत खाली कोणत्या मिनिटाला गेली तेही लिहा. निरभ्र असेल तर.

दापोलीकर
आमच्याकडे तेव्हा ढग असतात. खुणा पुण्याच्याच कळवा.